गोल पाण्यात शिकलेला

“मांगं कोनी नाही ना?”

विहिरीच्या काठावर उभा राहिला, कमरेचा पंचा आवळला, की तो आधी हे विचारायचा. जवळपास चिटपाखरू नसलं तरी विचारायचा. मग स्वतः मान वळवून बघायचा, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या, आणि तेव्हा कुठं उडी. दाराला कुलूप लावून झाल्यावर ते चार वेळा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बहुधा पिकल्या केसांची असतात. याचं वय अठरा होतं. मॅट्रिकला होता.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं आणि त्याच्या कानावर गेलं, तर पहिला प्रश्न येईल, “काऊन लिहिलं? कोनं सांगतलं लिहाले?”

मी तेव्हा जळगाव जामोदला हायस्कुलात शिपाई होतो. मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. मराठी चौथी अर्ध्यात टाकली आणि चुलत्यांच्या मागं वऱ्हाडात आलो. चुलते एका वकिलांकडं स्वयंपाकाला होते. दोन वर्षांत ते वारले आणि मी उघड्यावर पडलो. गावी परत जावं, तर तिथं आधीच पाचजण एका भाकरीकडं बघत बसलेले. त्या वेळी हेडमास्तरांनी मला बोलावलं, अंगावर खाकी कोट चढवला, शाळेमागची खोली दिली. तो उपकार मी एक दिवसही विसरलो नाही. आणि खरं सांगायचं तर एक दिवसही मला नीट झोप लागली नाही. दिलेली वस्तू परत मागतात, हे माझ्या मनातून जाईना. हेडमास्तरांनी नुसतं “जरा इकडे ये” म्हटलं तरी वाटायचं, झालं, आता कोट काढून दे म्हणणार.

गावालाही माझा भरवसा नव्हता. माझं ‘मला-तुला’ ऐकून पोरं तोंडावर हसायची. “मले म्हन, कोकणभाऊ, मले!” बायामाणसं विचारायची, एवढ्या लांबून हा कशाला आला असेल, काही करून तर पळाला नसेल?

म्हणून असेल, तो पोरगा मला पहिल्यापासून ओळखीचा वाटला. त्याचाही कशावर विश्वास नव्हता. परीक्षेचा पेपर हातात आला की तो आधी उलटा करून मागं काही लपवलंय का ते बघायचा. गणिताच्या मास्तरांनी एकदा शाबास म्हटलं, तर तासभर शेजारच्याला कोपर मारत राहिला, “काऊन म्हनले असतील बे?” शाळेच्या रांजणाशी पाणी प्यायला आला की आमचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

“केव्हाचं हाय?”

“सकाळचं.”

“कोनं भरलं?”

“मीच.”

“रोज तूच काऊन भरतं?”

“मला त्याचाच पगार मिळतो, बाबा.”

यावर तो माझ्याकडं बघत बघत घोटभर पाणी प्यायचा. पटलेलं नसायचं.

तो मामाकडं राहायचा. मामाचं वावर, म्हणजे शेत, गावाला लागूनच होतं, आणि वावरात मोटेची मोठी, गोल, दगडी विहीर. मामा म्हणजे लाल पटक्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. कुजबुजला तरी दोन वावरांपलीकडं ऐकू जायचं. भाचा पोहायला कसा शिकला, हे त्यानंच मला सांगितलं, हसून हसून डोळे पुसत.

“आठ वर्साचा असन. म्हनलं चाल, तुले इहिरीतला कासव दाखोतो. हा वाकून पाहून राह्यला, आन् म्या मांगून देल्लं ढकलून!”

“आणि बुडाला असता तर?”

“म्या होतो ना काठावर! सांगून ढकललं असतं तं तो पडला असता काय?”

त्या भागात निम्मी पोरं अशीच शिकलेली. कोणी फार तर पाठीला सुका भोपळा बांधायचं. बाकीच्यांना ती आठवण गमतीची वाटायची. याला नव्हती वाटत. मी एकदा त्याला विचारलं होतं, “खरंच कासव होतं का रे?”

तो म्हणाला, “नव्हता. म्या खाली जाऊन पायलं.”

म्हणजे पहिल्याच बुडीत, जीव घाबरा झालेला असताना, या पोरानं तळाशी डोळे उघडून कासव शोधलं होतं. मामा ही गोष्ट सांगताना एवढा भाग गाळायचा. त्याला तो माहीत नसावा.

मॅट्रिकच्या वर्षात, दिवाळीनंतर, हेडमास्तरांनी मला बोलावलं. मी कोटाची बटणं चाचपतच गेलो. पण गोष्ट वेगळीच निघाली. “तो मामाकडं राहणारा मॅट्रिकचा मुलगा रोज प्रार्थनेला ओल्या केसांनी येतो. कुठं वेळ घालवतो, काय करतो, गुपचूप बघून ये. मला सांग.”

मी मनात म्हटलं, ओले केस हा बहाणा असणार. विडी असेल, पत्ते असतील. सकाळी नऊच्या सुमाराला मी मामाच्या वावरात एरंडाच्या झुडपाआड जाऊन बसलो. पोरगा आला. कोणी नाही ना, ते विचारलं, मागं पाहिलं. मी श्वास रोखला. मग त्यानं उडी टाकली आणि पोहायला लागला. नुसता पोहायला लागला. भिंतीच्या कडेकडेनं, घाण्याच्या बैलासारखा, गोल. न थांबता. मी फेरे मोजायला लागलो. आमच्याकडं खाडीत पोहणारी माणसं मी जन्मापासून पाहिलेली, मला पाण्यातलं कळतं. पण असा हात मी पाहिला नव्हता. पाणी उडत नव्हतं, आवाज नव्हता. हात आत जायचा तो तेल लावल्यासारखा. बत्तीस, तेहतीस, चाळीस. विडी नव्हती, पत्ते नव्हते. पन्नासाव्या फेऱ्याला तो थांबला, पायरीला धरून उभा राहिला, कान टवकारले आणि मोठ्यानं म्हणाला, “निंग बाहेर.”

मी हललो नाही.

“एरंडाच्या मांगं कोन हाय ते मले समजलं. निंग, कोकणभाऊ.”

मी अंग झाडत बाहेर आलो. “कसं कळलं?”

“पह्यली घंटा झाली नाही अजून. ऊन पाह्य कुठी आलं. घंटा तू वाजोतं. मंग तू शाळेत नाहीस. मंग तू कुठी हायेस?”

तो रोज शाळेची पहिली घंटा ऐकून पाण्याबाहेर निघायचा, आणि घंटा वाजवणारा त्याचेच फेरे मोजत बसला होता. त्या दिवशी आम्ही दोघं वावरातून शाळेपर्यंत धावलो, तो पुढं ओला, मी मागं खाकी कोटात. हेडमास्तर फाटकात घड्याळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते खिशात टाकलं. मला वाटलं, गेली नोकरी.

नोकरी गेली नाही. उलट हेडमास्तर म्हणाले, “रोज बघत जा. घंटेआधी परत ये म्हणजे झालं.” मी रोज जायचो आणि रोज सांगायचो. आज पन्नास, आज अठ्ठेचाळीस. उडीआधी मागं बघतो, नेहमी डावीकडं वळतो. आज थंडीनं ओठ निळे पडले होते, तरी उतरला. आज भूगोलाचा तास बुडवून दुपारी पुन्हा गेला होता. हेडमास्तर सगळं एका वहीत टिपून घ्यायचे, चेहरा मात्र दगडाचा. ती वही बघून मला खात्रीच झाली की एक दिवस हे सगळं त्या पोराच्या अंगावर येणार, आणि आणलेलं असेल मी. तरी मी सांगत राहिलो. न सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

त्यालाही हे पक्कं ठाऊक होतं. “तू हेडमास्तरचा मानूस,” तो म्हणायचा. “पन मोजतच हायेस तं जोरानं मोज. मले बी ऐकू येऊ दे.” मग मी काठावर बसून मोठ्यानं मोजायचो आणि तो पाण्यातून भांडायचा.

“एक्कावन!”

“बावन झाले!”

“एक्कावनच.”

“मले लुटून राह्यला तू, कोकणभाऊ.”

एकदा मी विचारलं, “तू नेहमी डावीकडंच का वळतोस?”

“मंग कुकडे वळू? समोर भित हाय.”

“समोर भिंत नसली तर?”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला कासवच दाखवायला निघालोय. “भितीबिगर पानी कुठी असते?”

मी खाडीचं सांगितलं. या काठावरून त्या काठाचं देऊळ धरायचं आणि सरळ जायचं. नद्या त्यानं पाहिल्या होत्या, पण मामानं त्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “तुले कोनं सांगतलं?” मी म्हटलं, मी स्वतः गेलोय. तर म्हणे, “साक्षीले कोन होतं?”

नाताळच्या सुमाराला शाळेचा एक जुना विद्यार्थी नागपुराहून आला. रांजणाशी उभा राहून त्यानं पोरांना सांगितलं, की त्याच्या कॉलेजात पोहणाऱ्यांचा संघ आहे, दुसऱ्या कॉलेजांशी शर्यती होतात, आणि चांगल्या पोहणाऱ्याला वसतिगृहात जागा मिळते. सगळे ऐकून पांगले. हा तिथंच.

“पव्हाचं बी कॉलेज असते काय?” त्यानं मला विचारलं.

“तो सांगत होता ना.”

“तो काऊन सांगन मले? त्याचा काय फायदा?” मग थोड्या वेळानं, हळू, “जागा देतेत म्हने.”

मामानं त्याच्यासाठी बैलजोडी बघून ठेवली होती. मॅट्रिक झाला की वावर, हे ठरलेलं. अभ्यासात तो मधला, त्याच्यासाठी नागपुरात कोणी जागा धरून बसलेलं नव्हतं. पाण्यातूनच गेला तर जाईल, एवढीच एक वाट. त्या वाटेवर त्याचा विश्वास नव्हता. दिवसातून दहा वेळा तो मला म्हणायचा, यात काही तरी खोट हाय. आणि दुसऱ्या दिवसापासून पन्नासाचे साठ फेरे झाले.

मार्चात परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, पास झाला. हेडमास्तरांनी कॉलेजचा अर्ज मागवला. त्यात एक रकाना होता, न थांबता किती अंतर पोहता. यानं लिहिलं, ‘साठ फेरे.’ हेडमास्तरांनी चष्मा काढून कागदाकडं पाहिलं, मग मला दोरी घेऊन विहीर मोजायला पाठवलं. मी मोजत होतो आणि तो काठावर उभा राहून दोरी ढिली तर धरत नाही ना, ते बघत होता.

जुलैत नागपूरला बोलावणं आलं. मामा पेरणीत गुंतलेला, म्हणून हेडमास्तरांनी सोबत मला धाडलं. निघताना लाखेनं बंद केलेला एक लखोटा माझ्या हातात दिला. “हा खेळांच्या मास्तरांच्या हातात द्यायचा. पोरगा पाण्यात उतरायच्या आधी. विसरू नकोस.”

नांदुऱ्यापर्यंत मोटार, पुढं आगगाडी. गाडीत बसल्या बसल्या त्याची नजर माझ्या कोटाच्या खिशावर गेली, ती हलेना.

“त्यात काय हाय?”

“मला काय माहीत? इंग्रजी असणार.”

“मले वाचता येते. फोड.”

“वेडा की काय! लाख आहे त्याला.”

“माह्याबद्दल हाय ना? मंग मले काऊन दाखवत नाही? चांगलं असतं तं उघडं देल्लं असतं.”

हे मला पटलं, तेच वाईट झालं. चांगलं असतं तर उघडं दिलं असतं. त्या लखोट्यात काय असणार, ते मला दिसायला लागलं. ती वही असणार. भूगोलाचा बुडवलेला तास. माझ्या तोंडचं एक एक वाक्य इंग्रजीत घालून लाख लावलेलं. खेळांचे मास्तर वाचणार आणि म्हणणार, परत जा. आणि याला कळणार, की कोणी सांगितलं.

अकोला गेलं, मूर्तिजापूर गेलं. त्यानं एकदा लखोटा मागून घेतला, खिडकीतल्या उन्हात धरून बघितला, काही दिसेना, मुकाट परत दिला. मग म्हणाला, “तुले माहीत नाही ना त्यात काय हाय?”

“नाही.”

“मंग तू काऊन भेऊन राह्यला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावावर गेलो. एवढं पाणी बघून तो घाटावर नुसता उभा राहिला. आठ-दहा पोरं होती, बहुतेक नागपूरची, छान चड्ड्या घातलेली. हा पंच्यात. समोर एक होडी उभी केलेली. घाटावरून सुटायचं, होडीला हात लावायचा. खेळांचे मास्तर उंच, पांढऱ्या विजारीचे, हातात शिट्टी. लखोटा द्यायचा तो हाच क्षण. मी दोन पावलं पुढं गेलो. हात खिशात घातला. आणि तसाच ठेवला. मनात म्हटलं, आधी पोहू दे. एकदा याचा हात बघितला की मग पत्रात काहीही असो. मी त्याचं भलंच करत होतो, अशी माझी समजूत होती.

शिट्टी मागून वाजली. सगळे पाण्यात पडले आणि हा मागं वळून कोण आहे ते बघत राहिला. पोरं हसली. मग त्यानं उडी टाकली. पुढची दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. एक एक करून त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी खाली आली. आणि तेव्हाच तो डावीकडं झुकायला लागला. आधी थोडा, मग आणखी. दोघांच्या समोरून आडवा गेला, होडी उजवीकडं राहिली, आणि हा आपला, मान पाण्यात घालून, भिंतीच्या कडेनं निघाल्यासारखा वळत वळत लांबच्या काठाला जिथं धोबी कपडे आपटत होते तिथं पोहोचला. धोब्याच्या दगडाला हात लावला, उभा राहिला आणि जिंकल्यासारखा हात वर केला.

मग त्यानं आजूबाजूला बघितलं.

घाटावर हसू फुटलं होतं. एक धोबी त्याला काही तरी सांगत होता, होडीकडं बोट दाखवून. तो काठाकाठानं चालत परत आला, तोवर मास्तरांचा पारा चढलेला. “दोन मुलांची शर्यत बिघडवलीस. मुद्दाम आडवा गेलास? कोणी शिकवलं हे? जा, कपडे कर.”

तो माझ्यापाशी आला. थंड आवाजात म्हणाला, “तूच सांगतलं असशील त्यायले काही. सकाळीच.”

त्या वेळी मला माझ्या खिशातल्या कागदाचं वजन कळलं. मी पुढं झालो आणि लखोटा मास्तरांच्या हातात दिला. म्हटलं, “हा आधी द्यायचा होता साहेब. मी दिला नाही. चूक माझी.”

मास्तरांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, लाख फोडली, वाचलं. पुन्हा वाचलं. मग, का कोण जाणे, आम्हा दोघांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं. हेडमास्तरांनी लिहिलं होतं: हा मुलगा गोल विहिरीत शिकला आहे, तो डावीकडं वळतो, ती लबाडी नव्हे, त्याला सवय आहे. शिट्टी समोरून वाजवावी. पहिल्यांदा त्याच्या डाव्या हाताला होडी ठेवून पोहू द्यावं. बाकी जे विचारायचं ते हे पत्र आणणाऱ्याला विचारावं. तो खाडीकाठचा आहे, पाणी जाणतो, आणि त्यानं या मुलाला दिवाळीपासून रोज पाहिलं आहे.

“हे आणणारे तुम्हीच ना?” मास्तर म्हणाले. “सांगा, काय पाहिलंत?”

‘तुम्ही’ असं मला वऱ्हाडात तोवर कोणी म्हटलं नव्हतं. मी कोट सारखा केला. मग मी हेडमास्तरांना सांगायचो तसंच सांगायला लागलो, कारण दुसरं मला येत नव्हतं. पौषात ओठ निळे पडले होते, तरी अठ्ठेचाळीस. तापातून उठला त्या दिवशी तीस, मग ओकला, मग पुन्हा वीस. परीक्षेच्या आदल्या दिवशी साठ. एकही दिवस खाडा नाही. भूगोलाचा तास बुडवला, तेही सांगितलं. मी सांगत होतो आणि तो माझ्या शेजारी उभा राहून, पंच्यातून पाणी गळत, ऐकत होता. इतके महिने हेडमास्तरांच्या खोलीत मी त्याच्याबद्दल काय बोलतो, ते तो पहिल्यांदा ऐकत होता. एका ठिकाणी त्यानं मला अडवलं.

“तापाच्या दिसी वीस नाही. एकवीस.”

“वीसच,” मी म्हटलं.

मास्तर हसले. म्हणाले, “वल्हवता येतं का तुम्हाला?”

लहान होडी आणली. मी वल्ही घेतली आणि त्याच्या डाव्या अंगाला होडी ठेवली. शिट्टी समोरच्या होडीतून वाजली. तो निघाला. दर आठ-दहा हातांनी झुकायचा आणि त्याचा डावा पंजा माझ्या फळीवर आपटायचा, टक्. की सरळ. पुन्हा टक्. मला त्याच्याबरोबर राहताना दम लागला. मध्यावर गेल्यावर आवाज कमी झाला. शेवटच्या भागात टक् ऐकूच आलं नाही. मी एकदा वाकून पाहिलं, बुडाला की काय. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर, सरळ, समोरच्या होडीकडं चालला होता.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, अर्ध्या तासानं पुन्हा. पुन्हा झालं, होडीशिवाय. जरा वाकडा गेला, पण पोहोचला. मग त्यांनी खिशातली वही काढून त्याचं नाव लिहिलं. “महिनाभर इथं राहा. रोज सकाळी ये. सरळ जायला लागलास की संघात. घरी जाऊन येतो म्हणू नकोस, गेलेली पोरं परत येत नाहीत.”

हो म्हणायच्या आधी त्यानं विचारलं, “जागा खरोखर भेटते काय?” मास्तरांनी त्याला हाताला धरून वसतिगृह दाखवलं. त्यानं खाटेवर हात दाबून बघितला.

स्टेशनावर तो आला नाही. वसतिगृहाच्या दारातच पंचा पिळून माझ्या हातात दिला. त्याला कॉलेजची चड्डी मिळाली होती. “हा मामाचा हाय. देजो त्याले. नाही तं म्हनन, पोट्ट्यानं नेला.” तो आत वळला, परत बाहेर आला. शेवटी एवढंच म्हणाला, “नीट जाजो, भाऊ.” कोकण त्यातून गळलं होतं.

मी एकटा परत आलो. जळगावला मोटार थांबली तेव्हा दुपार टळत होती. मामा बाजाराचं काम काढून गाडीबैल घेऊन थांबला होता. मी उतरलो. मामा माझ्या मागं बघत राहिला, आणखी कोण उतरतंय म्हणून. दोन बाया उतरल्या, एक म्हातारा उतरला. मग मामाची नजर माझ्या हाताकडं गेली. हातात पंचा होता.

“पोट्टा कुठी हाय?”

मला आनंद सांगायची घाई झाली होती. म्हटलं, “घेतलं त्याला!”

मामा जागच्या जागी खाली बसला. धुळीत, मोटारीच्या चाकाशी. तोंडातून आवाज निघेना. त्या माणसाच्या, ज्याचा आवाज दोन वावरं जायचा. दोन्ही हातांनी त्यानं माझ्या हातातला पंचा ओढून घेतला. मला काहीच कळेना. मग एकदम कळलं. त्या भागात माणूस बुडाला की ‘बुडाला’ म्हणत नाहीत. पाण्यानं घेतलं म्हणतात.

“मामा! अहो मामा! कॉलेजनं घेतलं! कॉलेजनं! जिवंत आहे तो, वसतिगृहात जागा मिळाली!”

तीनदा ओरडलो तेव्हा ते आत गेलं. मामा उठला, मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. “मंग ‘लागला’ म्हन ना बे! कॉलेजात लागला म्हन! घेतलं काऊन म्हनतं? मानूस मरते ना असं ऐकून!” मोटारवाला हसत होता, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामाही हसला. पटक्यानं तोंड पुसलं. पंचा नाकाशी नेऊन हुंगला, घडी केली, गाडीत ठेवला. कासरा हातात घेतला.

मग पुन्हा खाली उतरला. मोटारीच्या पायरीवर चढून, वाकून, त्यानं आत बघितलं. एक एक बाक बघितला. मोटारवाल्यानं विचारलं, “काही राह्यलं काय?”

“नाही,” मामा म्हणाला, आणि हे मात्र त्यानं इतक्या हळू म्हटलं की शेजारी उभा असून मला जेमतेम ऐकू आलं. “काही नाही राह्यलं.”